नव्याण्णव म्हणजे माहीत नाही

कमलाक्षी परब पेडण्याच्या ज्या सरकारी कचेरीत होती, तिचं पूर्ण नाव पाटीवर तीन ओळींत बसायचं. राज्य झाल्यापासून ते नाव इतक्यांदा बदललं की पाटी रंगवणाऱ्याने शेवटी जुन्या ओळी पुसण्याचा नाद सोडला आणि नव्या ओळी खाली जोडत गेला. गावात कोणी एवढं नाव घेत बसत नसे. ‘आकड्यांचं हापीस’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

कमलाक्षी मूळची डिचोलीची. तिथल्या मराठी शाळेत शिकली, मराठी टंकलेखनाची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि अठ्ठ्याहत्तर साली टायपिस्ट म्हणून चिकटली. लग्न होऊन पेडण्याला आली, नोकरीही बदलून घेतली. मग सत्त्याऐंशी साल उजाडलं. एकाच वर्षात कोंकणी राजभाषा झाली आणि गोवा राज्य झालं. आपल्या मराठी टायपरायटरचं आता काय, असं तिने तेव्हाच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “वरून कळवतील.” वरून कळवलं ते इंग्रजीत.

तेव्हापासून तिचं ठरून गेलं. घरी सासूशी बोलायचं ते एक, सकाळी पेपरात वाचायचं ते दुसरं आणि कचेरीत टाइप करायचं ते तिसरं. या तिन्ही भाषांचं आपसात मोठं वैर आहे हे तिला सभांच्या पत्रकांवरून समजायचं. घरात कधी ते वैर जाणवलं नव्हतं.

पंच्याण्णव साली कचेरीत संगणक आला. वर्षभर तो कापडी खोळीत होता, कारण तो थंड खोलीत ठेवावा असं खोक्यावर लिहिलं होतं आणि थंड खोली एकच, ती शिवदास सरांची. शिवदास सर म्हणजे कचेरीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या सहीने काही घडू नये याची त्यांना फार काळजी असायची. पणजीला सहा आठवड्यांचं संगणकाचं प्रशिक्षण निघालं तेव्हा एकाला दमा निघाला, दुसऱ्याच्या मेव्हणीचं लग्न निघालं, आणि उरली कमलाक्षी. ती रोज पहाटेची बस धरून गेली आणि खरोखरच शिकून आली. याची कोणालाच अपेक्षा नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली तालुक्याची घरोघर पाहणी निघाली. त्रेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. गुरं किती, जळण कोणतं, विहीर कोणाची, घरातल्या प्रत्येकाचं वय किती. हा फॉर्म घेऊन गावोगाव गणक फिरले. चोपडे, तोरसे, मोपा इथले गणक अनुभवी होते. म्हातारा दिसला की त्याचे दात आणि पाठीचा बाक बघून ते वय लिहायचे आणि पुढच्या घराला लागायचे. इब्रामपूरला मात्र गौरेश नावाचा नवा पदवीधर मुलगा गेला. त्याने सूचनांची पुस्तिका पूर्ण वाचली होती. सातव्या पानावर लिहिलं होतं, की वय माहीत नसल्यास गणकाने अंदाज करू नये, तिथे नव्याण्णव हा आकडा लिहावा. वयाला फॉर्मवर दोनच घरं होती आणि दोन घरांत बसणारा सगळ्यांत मोठा आकडा तो, म्हणून कोणा हुशार माणसाने तो ‘माहीत नाही’ला देऊन टाकला होता.

इब्रामपुरात गौरेशला धाकू गावस भेटला. काजूच्या बागेतून येऊन तो ओट्यावर पाय धूत होता.

“आजोबा, वय किती?”

“माका कित्याक विचारतंस? भटाक विचार.”

“भट खंय आसा?”

“तो मेलो.”

गौरेशने प्रामाणिकपणे नव्याण्णव लिहिलं. शेजारच्या घरात धाकूची थोरली बहीण यशोदा राहायची, नवरा वारल्यावर ती माहेरच्याच वाड्यावर घर करून होती. तिची जन्मपत्रिका पत्र्याच्या पेटीत शाबूत होती. तिने ती काढून दाखवली आणि अठ्ठ्याहत्तर लिहून घेतलं. धाकूची पत्रिका वाळवीने खाल्ली होती. गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या पत्रिका एक तर वाळवीने खाल्ल्या होत्या किंवा कोणी केल्याच नव्हत्या. गौरेशने एकूण सदतीस ठिकाणी नव्याण्णव लिहिलं आणि एकाही ठिकाणी अंदाज केला नाही.

फॉर्म कमलाक्षीकडे आले. तिने चार महिने बसून सगळा तालुका संगणकात घातला. मग पणजीच्या संस्थेचं पत्र आलं. या संस्थेत आकडेवारीचं खास सॉफ्टवेअर होतं, त्यावर पाहणीचा अभ्यास होणार होता, म्हणून माहिती त्या सॉफ्टवेअरला उघडता येईल अशा फाइलमध्ये काढून पाठवावी. इतरांना त्या पत्रातलं काही कळलं नाही, त्यामुळे पत्र तिच्या मेजावर आलं.

तिने प्रशिक्षणात मिळालेलं पुस्तक उघडून वाचलं. सॉफ्टवेअरला दोन फाइली लागत होत्या. एकीत नुसते आकडे, रांगेने. दुसरीत त्या आकड्यांचं वर्णन, म्हणजे कितव्या रकान्यात काय आहे, एक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोणता आकडा आकडा म्हणून मोजायचा नाही. हे सांगितलं नाही तर यंत्राला नव्याण्णव म्हणजे नव्याण्णवच. शिवाय प्रत्येक प्रश्नाचं नाव इंग्रजी आठ अक्षरांच्या आत हवं होतं. ज्या कचेरीला स्वतःचं नाव तीन ओळींत आवरत नव्हतं, तिथल्या बाईने ‘घरातील दुभत्या जनावरांची एकूण संख्या’ आठ अक्षरांत बसवली. त्रेचाळीस प्रश्नांची त्रेचाळीस नावं तिने दोन दिवस वहीत खोडून खोडून तयार केली. आकड्यांनी एक फ्लॉपी काठोकाठ भरली. वर्णनाची फाइल लहान होती, पण ती मावेना, म्हणून दुसऱ्या फ्लॉपीवर घातली.

“सर, सोबतच्या पत्रात दोन फ्लॉप्या असं हवं.”

शिवदास सरांनी पत्राकडे पाहिलं. त्यात ‘सोबत फ्लॉपी एक’ असं होतं. “या मसुद्याला मंजुरी घेतलीय. आता बदलला तर परत मंजुरी. तुम्ही घाला ना दोन, कोण मोजतंय?”

मोजणारा माणूस होता. पणजीच्या संस्थेत आवक विभागात दत्ताराम बसायचा आणि मोजणं हेच त्याचं काम होतं. त्याने पत्र वाचलं, पाकीट उलटं केलं, एक फ्लॉपी ठेवून घेतली आणि दुसरी शिपायाच्या हातात परत दिली. पोचपावतीवर लिहिलं, ‘जादा फ्लॉपी परत.’

कमलाक्षीने ती पावती वाचली आणि ताबडतोब फोन लावला. पलीकडून कोणी तरी सांगितलं, “फाइल उघडली, आकडे छान दिसतायत. थँक्यू हां.” मग तिने टिपण लिहिलं, की दुसरी फ्लॉपी नसेल तर पहिलीचा अर्थ चुकीचा लागेल. शिवदास सरांनी ते दोनदा वाचून खणात ठेवलं.

“त्यांनी मागितली की देऊ. न मागता पाठवली तर आपलं काही चुकलं होतं असं दिसतं.”

“पण सर, वय...”

“कमलाक्षीबाय, सगळं व्यवस्थित चाललंय.”

आठ महिन्यांनी अहवाल आला. निळं गुळगुळीत मुखपृष्ठ, आत रंगीत आलेख. एकतिसाव्या पानावर इब्रामपूर होतं. या आडवळणाच्या गावात नव्याण्णव वर्षांची सदतीस माणसं हयात आहेत, असं त्यात म्हटलं होतं, आणि ही सगळी बरोबर नव्याण्णवचीच कशी, अठ्ठ्याण्णवचं किंवा सत्त्याण्णवचं एकही कसं नाही, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नव्हता. उलट कारणं दिली होती. नाचणी, डोंगरातलं पाणी, काजूच्या बागेतला चढउतार. आणि गावात दिवसातून फक्त तीन बसा येतात, त्यामुळे चालणं आपोआप घडतं.

पेपरात बातमी आली. मग माणसं यायला लागली. एकाने नाचणीचे नमुने नेले. एक बाई म्हाताऱ्यांच्या हाताच्या रेषांचे फोटो काढून गेली. चौथ्या बसचीही मागणी पंचायतीने त्याच वर्षी केली होती. ती फेटाळली गेली, कारण वर लिहिलेलंच.

शेवटी सत्कार ठरला. देवळाच्या मंडपात सदतीस खुर्च्या, सदतीस शाली, सदतीस नारळ. नावं वाचायचं काम कमलाक्षीकडे आलं, कारण यादी तिच्या संगणकातून निघाली होती. तिने आदल्या दिवशी सरांना पुन्हा एकदा सांगून पाहिलं. सर म्हणाले, “शाली आल्यायत.”

ती नावं वाचत गेली आणि माणसं येत गेली. त्यातल्या दोघांच्या डोक्यावरचे केस अजून काळे होते. एका म्हाताऱ्याला हात धरून त्याची आई घेऊन आली, निदान कमलाक्षीला ती आई वाटली. नंतर कळलं की बायको होती. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या आणि त्या थांबायच्या आत कमलाक्षी पुढचं नाव घेत होती.

“श्री. धाकू गावस, वय वर्षे नव्याण्णव.”

धाकूने शाल घेतली, नमस्कार केला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने यशोदा उठली. आवाज खणखणीत होता.

“कोण नव्याण्णव? ह्यो? ह्यो जल्मलो तेवा मिया बावडेवरसून पाणी हाडूक लागलेलंय! ह्येका कडेर घेवन वाडयलंय मिया. ह्येका नव्याण्णव आनी माका अठ्ठ्याहत्तर? माजी शाल खंय?”

मंडपात हशा झाला. पाहुणे प्राध्यापक शेजाऱ्याला विचारू लागले की बाई काय म्हणतायत. शिवदास सर उभे राहून म्हणाले, “राष्ट्रगीताला सुरुवात करू या.” शाली अजून सोळा वाटायच्या होत्या.

यशोदा घरी गेली. त्या दिवसापासून ती धाकूशी बोलेना. तिच्या मते त्याने मोठेपणा चोरला होता. तो सांगे, मी काही बोललो नाही, तो पोरगा लिहून गेला. ती दार ओढून घेई.

दुसऱ्या दिवशी शिवदास सरांनी कमलाक्षीला थंड खोलीत बोलावलं.

“ती बहीण भावापेक्षा मोठी आहे असं दिसतं. पाहणीत विसंगती राहिली. यशोदाबाईंचं वय दुरुस्त करा. एकशे एक.”

“सर, वयाचा रकाना दोन आकड्यांचा आहे. एकशे एक घातलं तर दहा दिसेल.”

“मग शंभर?”

“तेही दहाच.”

सरांनी विचार केला. “भावाला सत्त्याण्णव करू आणि बहिणीला नव्याण्णव.”

“नव्याण्णव म्हणजे माहीत नाही, सर.”

“पण आपल्याला माहीत आहे ना!”

“काय माहीत आहे?”

“की तिला नव्याण्णव वर्षं झालीत.”

कमलाक्षी बाहेर आली. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत तिने साहेबांची वाक्यं निमूट टाइप केली होती, चुकीची असली तरी. पण हे आकडे तिने स्वतः, एकेक करून घातले होते. जिवंत बाईचं खरं वय खोडून खोटं लिहायला तिचा हात उठेना. तिने एका दिवसाची रजा टाकली, परत आलेली ती ‘जादा’ फ्लॉपी पर्समध्ये घातली आणि पणजीची बस धरली.

आवक विभागात दत्ताराम होताच. “पत्र?” त्याने विचारलं. “पत्र नाही,” म्हणून ती सरळ जिना चढली. तो खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला, कारण पत्राशिवाय आलेल्या माणसाची नोंद कुठल्या वहीत करायची हे त्याला ठाऊक नव्हतं.

वर सिद्धी नावाची तरुण संशोधक भेटली. एकतिसावं पान तिनेच लिहिलं होतं. कमलाक्षीने फ्लॉपी पुढे ठेवली. सिद्धीने वर्णनाची फाइल लावली, यंत्राला पुन्हा मोजायला सांगितलं. पाच मिनिटांत इब्रामपूरच्या रांगेतले सदतीस आकडे गळून त्या जागी टिंबं आली. गावात नव्वदीच्या वर उरली ती एकच बाई, एक्क्याण्णव वर्षांची. सत्काराला तिला कोणी बोलावलं नव्हतं.

सिद्धीने फ्लॉपी काढून उलटीसुलटी पाहिली.

“ही फाइल तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“पहिल्या दिवसापासून. तुमच्या खालच्या माणसाने परत पाठवली.”

“मी त्यांच्या नाचणीवर दीड पान लिहिलंय हो,” सिद्धी म्हणाली, आणि तिला हसूही आलं आणि रडूही.

पोरगी सरळ होती. तिने चूक लपवली नाही, वर लेखी कळवली. पण छापलेला अहवाल मागे घ्यायचा तर तो छापायला मंजुरी देणाऱ्यांची मंजुरी हवी होती, म्हणून वरच्यांनी मधला मार्ग काढला. दुरुस्त फाइल ही नवीन वर्षाची पाहणी मानावी आणि दुसरा अहवाल काढावा. सिद्धीचं टिपण शेवटच्या परिशिष्टात गेलं. परिशिष्ट कोणी वाचलं नाही. दोन अहवाल शेजारी ठेवून तुलना मात्र झाली, आणि तुलनेत असं दिसलं की इब्रामपुरातली सदतीस वृद्ध माणसं एका वर्षात नाहीशी झाली आहेत.

एका सकाळी इब्रामपुरात जीप आली. एक डॉक्टर, दोन नर्सा, पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या आणि कसली तरी पावडर. गावात साथ येऊन गेली काय, याची चौकशी होती. हातात मृतांची यादी. देवळाच्या पायरीवर चार म्हातारे बसले होते, डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं.

“हे धाकू गावस कधी वारले?”

“मियाच तो,” धाकू म्हणाला. “अजून नाय वारलंय.”

डॉक्टरांनी यादीवर खूण केली. मग पुढचं नाव घेतलं, तो शेजारीच होता. दुपारपर्यंत मृतांपैकी पस्तीस जण आपल्या पायांनी येऊन भेटून गेले. छत्तिसावा म्हापशाला लेकीकडे होता. एक म्हातारी मात्र खरंच वारली होती, पण ती सत्काराच्याही आधी. तिची शाल सुनेने घेतली होती. नर्सांनी तरीही विहिरीत पावडर टाकली, कारण ती आणली होती.

या सगळ्याची जबाबदारी कोणावर तरी टाकायला हवी होती, आणि परवानगीशिवाय सरकारी फ्लॉपी घेऊन फिरलेलं माणूस एकच होतं. कमलाक्षीला मेमो आला. तो कोंकणीत होता. राजभाषा होऊन तेरा वर्षं झाली होती आणि तिच्या उभ्या नोकरीत तिला आलेलं ते पहिलं कोंकणी सरकारी पत्र. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, तिने पेन्सिलीने दुरुस्त केल्या. उत्तर तिने मराठीत लिहिलं, स्वतःच्या अक्षरात, कारण नियमात मराठीलाही वाव होता. उत्तर एवढंच होतं, की मला जे माहीत होतं ते मी तीनदा कळवलं होतं. वर पाठवण्यासाठी या दोन्ही कागदांचं इंग्रजी कोणी करायचं, यावर ती फाइल अडली. बढती मात्र वर्षभर लांबली. संगणक तिच्याकडून काढून कंत्राटावरच्या एका पोराकडे दिला. तिसऱ्या आठवड्यात त्या पोराने तालुक्यातली सगळी गुरं पुसून टाकली, आणि शिवदास सर तिच्या मेजाशी येऊन म्हणाले, “तुम्ही जरा बघता काय? तोंडी सांगतोय.”

दोन हजार एकच्या मे महिन्यात ती अशीच गुरं परत घालत बसली होती. दुपारी खिडकीशी कोणी तरी खाकरलं. धाकू गावस उभा होता. अंगात धुतलेला सदरा होता, हातात फणसाचे गरे बांधलेलं पान.

“तू नावां वाचलेलंय ती बाय मगो?”

“हो. बसा आजोबा.”

तो खुर्चीवर टेकला. पान मेजावर ठेवलं. म्हणाला, “बाये, माजां खरां वय किती, ता काढून दी. कोणीच विचारूक नाय गो. एकान नव्याण्णव लिवल्यान, दुसऱ्यान मेलो म्हणून लिवल्यान.”

“आता कशाला हवंय?”

“भयण उलयना माज्याकडे. दोन वर्सां जाली. मी ल्हान म्हणून लिवन दी.”

कमलाक्षीने कीबोर्ड बाजूला सारला आणि कागद घेतला. तुम्ही जन्मला तेव्हा यशोदाबाय पाणी आणायला लागली होती, म्हणजे सहा-सात वर्षांची असेल. तो म्हणाला, लहान कळशी होती, सहाच धर. पोर्तुगीज गेले तेव्हा थोरला मुलगा किती होता? नांगर धरायचा. लग्नात मिसरूड फुटलं होतं काय? फुटलं होतं, पण फार नाही. असा अर्धा तास दोघांनी हिशेब केला आणि त्याच्या सगळ्या वाटा एकाच वर्षाशी येऊन थांबल्या.

“पंच्याहत्तर,” ती म्हणाली. “फार तर सहा महिने इकडेतिकडे.”

“आनी यशोदा?”

“एक्याऐंशी.”

त्याचा चेहरा उजळला. “ता मोठ्या अक्षरान लिव.”

तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, की यशोदा वय एक्याऐंशी, तिचा धाकटा भाऊ धाकू वय पंच्याहत्तर. खाली सही केली. शिक्का मारायचा अधिकार तिला नव्हता, पण तो मेजावरच होता, आणि तिने मारला.

पुढचं तिला गौरेशकडून कळलं. यशोदेने तो कागद शाळेतल्या मास्तरणीकडून दोनदा वाचून घेतला. मग परसातून भावाच्या दाराशी गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “जेवलंस काय रे?”